आजीच्या नानकटाईत एक अंडं



मागच्या डिसेंबरातली गोष्ट. संध्याकाळचे पावणेपाच वाजले असतील. न्यू जर्सीत त्या दिवसांत साडेचारलाच सूर्य मावळतो, त्यामुळं बाहेर अंधारून आलं होतं आणि आमच्याकडं जेवणं उरकून मी ओटा पुसत होते. दारावरची बेल वाजली. शेजारच्या आजी झाकलेली ताटली घेऊन उभ्या होत्या. वरचा कागद काढला तर आत नानकटाई!

"तुमच्या मुलीच्या शाळेच्या पुस्तकात बघून केली," त्या म्हणाल्या. "सगळं लिहिल्याप्रमाणं मोजून घेतलं. अंडंसुद्धा एकच घातलं. पण स्पर्धेच्या दिवशी खाल्ली होती तशी खुसखुशीत झाली नाही. माझं काय चुकलं?"

मी ताटली हातात घेतली होती. ती परत द्यावी की खाली ठेवावी, ते सुचेना.

हे अंडं कुठून आलं ते सांगायचं तर जरा मागं जायला हवं.

माझी थोरली इथल्या सरकारी शाळेत दहावीत आहे. नाताळच्या आधी त्यांच्याकडं 'हॉलिडे बेकिंग'ची स्पर्धा असते. सरकारी शाळेनं कुठल्या एका धर्माची बाजू घ्यायची नाही असा इथला दंडक आहे, म्हणून 'ख्रिसमस' न म्हणता 'हॉलिडे' म्हणतात. त्यात नाताळ येतो, ज्यू लोकांचा हनुका येतो, आणि कुणाला आपली दिवाळी उशिरानं घालायची असेल तर तीही चालते. मला आवडतं ते असं, की ही स्पर्धा पूर्ण मुलांची असते. विद्यार्थी मंडळातली मुलंच नावं नोंदवतात, टेबलांना आकडे लावतात, गुणांचे कागद छापतात आणि शेवटी फरशीही तेच पुसतात. परीक्षक म्हणून मुख्याध्यापिका, कँटीनमध्ये वाढणाऱ्या बाई आणि शाळेची झाडलोट बघणारे काका. काकांचं मत सगळ्यांत महत्त्वाचं मानतात, कारण ते कुणाचं मन राखायला बोलत नाहीत म्हणे. जमलेले पैसे गावातल्या अन्नछत्राला जातात. छत्र म्हणजे फूड पँट्री, गरजू लोक तिथून शिधा घेऊन जातात.

त्याच दिवशी आठवण म्हणून घरी न्यायच्या वस्तूही विकतात. लाकडाच्या चकतीवर शाळेचं घुबड आणि साल कोरलेलं असतं, ती लोक आपल्या नाताळच्या झाडाला टांगतात. आमच्याकडं झाड नसतं, मी ती गाडीच्या किल्लीला अडकवली आहे. आणि स्पर्धेतल्या सगळ्या पाककृतींचं एक पुस्तक निघतं. स्पायरल बांधणी, मुखपृष्ठावर चित्रकलेच्या वर्गातल्या एखाद्याचं चित्र. स्पर्धा डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी, आणि सुट्टी लागायच्या आत पुस्तक हातात.

अशा पुस्तकांची इकडं मोठी परंपरा आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६४ साली, जखमी सैनिकांच्या मदतीसाठी फिलाडेल्फियात एक मोठी जत्रा भरली होती. तिच्यासाठी मारिया मॉस नावाच्या बाईंनी पाककृतींचं पुस्तक काढलं आणि पैसे मदतीला दिले. या जातीचं ते पहिलं पुस्तक मानतात. तेव्हापासून चर्चमधल्या बायका, शाळा, अग्निशामक दल, सगळ्यांनी अशी पुस्तकं काढली. आपल्या स्वयंपाकघरात 'रुचिरा' असते तशी इथं जुन्या घरांत एक तरी असली डागाळलेली वही सापडते. फरक एवढाच, की त्यात प्रत्येक पाककृतीखाली गावातल्याच कुणाचं तरी नाव असतं. बाई वारली तरी तिचा केक तिच्या नावानं होत राहतो.

म्हणूनच थोरलीनं नाव दिलं तेव्हा मी म्हटलं, आजीची नानकटाई कर. माझी आजी, म्हणजे तिची पणजी.

आमच्या लहानपणी सांगलीत घरी ओव्हन नव्हता. दिवाळीच्या आधी मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन पेठेतल्या बेकरीत जायचं आणि भट्टीत नानकटाई भाजून आणायची. तुमच्यातल्या पुष्कळजणींना ती रांग आठवत असेल. पण आजीचा थाट वेगळा. ती घरून पीठ मळून न्यायची आणि बरोबर स्वतःचे दोन पत्रे, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले. पहाटे सगळ्यांच्या आधी. कारण उजाडल्यावर तिथं अंड्याचे केक भट्टीत जायचे. "माझ्या पत्र्यावर दुसऱ्याचं काही ठेवायचं न्हाई," हे ती बेकरीवाल्याला दर वर्षी नव्यानं बजावायची आणि तो दर वर्षी तितक्याच गंभीरपणे मान हलवायचा. भट्टीच्या तोंडाशी उभी राहून ती नानकटाई मोजायची. मी शेजारी उभी राहून थंडीत तोंडातून वाफ काढायची.

तर प्रमाण असं. एक वाटी थिजलेलं तूप, एक वाटी पिठीसाखर. दोन्ही हातानं फेसायचं, पांढरंशुभ्र आणि हलकं होईपर्यंत, इथं कंटाळा करायचा नाही. मग दोन वाट्या मैदा, अर्धी वाटी बेसन, दोन चमचे बारीक रवा, पाव चमचा खायचा सोडा, वेलदोड्याची पूड. गोळा कसाबसा जमला पाहिजे, सैल नको. चपटे गोळे करून मधोमध अंगठ्यानं दाबायचे. इथल्या ओव्हनमध्ये ३५० फॅरनहाइट, म्हणजे साधारण १७५ सेल्सिअसवर, १५ ते १८ मिनिटं. रंग वर दिसायला लागायच्या आत बाहेर काढायची, ती बाहेर आल्यावरही भाजत राहते. तूप मी बिनमिठाच्या लोण्याचं रविवारी घरीच कढवते. मैद्याच्या मर्यादेचं मात्र विचारू नका. थंडीत सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन, हे सगळं पाठ आहे. आणि दुकानातली पिशवी किती महिन्यांची असते तेही माहीत आहे. खोटं कशाला सांगू.

आता माझी चूक.

स्पर्धेच्या टेबलावर ठेवायचं एक कार्ड मुलांनी तयार केलं होतं. ज्यांची कुणाकुणाला ॲलर्जी असते अशा नऊ गोष्टींचे चौकोन त्यावर होते. दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे, बदाम-अक्रोडासारखा सुकामेवा, शेंगदाणे, गहू, सोयाबीन आणि तीळ. तीळ इथल्या कायद्यात १ जानेवारी २०२३ पासून आले. कायदा खरा बंद पाकिटातल्या मालासाठी आहे, पण मुलांनी तीच यादी उचलली. थोरलीनं दूध आणि गहू यांवर खूण केली, अंड्याचा चौकोन रिकामा ठेवला. पुस्तकासाठी वेगळा कागद होता, त्यावर नुसतं साहित्य आणि कृती. तिथं ती वर 'एगलेस नानकटाई' असं लिहायला लागली तेव्हा मीच तिला थांबवलं.

"कशाला लिहायचं?" मी म्हटलं. "आपल्या नानकटाईत अंडं कधी नव्हतंच. भाकरीला कुणी बिनअंड्याची भाकरी म्हणतं का?"

हे बोलणं अजूनही मला पुरतं चूक वाटत नाही. पण खरं कारण दुसरं होतं. ऑफिसमध्ये पंधरा वर्षं मी डबे घेऊन जाते आहे. 'एगलेस' अशी चिठ्ठी दिसली की लोक हात आखडता घेतात, जणू काहीतरी काढून टाकलेलं उरलंय. पोरीच्या वाट्याला ते येऊ नये असं मला वाटलं. तर कागदावर अंड्याबद्दल एक अक्षर नव्हतं. शीर्षक फक्त 'पणजीची नानकटाई, सांगली'.

स्पर्धा संध्याकाळी पाचला. थोरलीनं दशलक्षणात स्वतःहून वर्षभराचा रात्रिभोजनत्यागाचा नियम घेतला होता, त्यामुळं ती पावणेचारलाच जेवून गेली. प्रत्येक स्पर्धकानं बाकीच्यांचं चाखून मत द्यायचं असा नियम होता. तिनं तिथल्या मुलीला सांगितलं की मी सूर्यास्तानंतर खात नाही. त्या मुलीनं का, कशासाठी, काही विचारलं नाही. एक पुठ्ठ्याचा डबा आणला आणि बाकीच्या तीस टेबलांवर फिरून तुकडे गोळा करून दिले. "उद्या सकाळी खा, सोमवारी मत दे, मी पेटी उघडी ठेवते."

शनिवारी सकाळी दर्शन झाल्यावर आम्ही दोघी तो डबा आणि सगळ्यांच्या कार्डांचे फोटो घेऊन बसलो. अंडं नसलेले तुकडे निघाले चार. एकात मार्शमॅलो, म्हणजे जिलेटिन. एकावर चकचकीत साखरेचे दाणे. विचारल्यावर कळलं की पाकिटावर 'कन्फेक्शनर्स ग्लेझ' लिहिलं होतं, ती चकाकी लाखेच्या किड्यापासून येते. तिसऱ्यात व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट, आणि त्यात इथल्या नियमानंच निदान ३५ टक्के अल्कोहोल असावं लागतं. उरला एक. वीगन मुलीची जिंजरब्रेड, जी दूधसुद्धा घेत नाही. जिंजर म्हटल्यावर मी दचकले, पण जिंजरब्रेडमध्ये आलं नसतं, सुंठ असते. थोरलीनं ती खाल्ली आणि सोमवारी पाचपैकी पाच गुण दिले. बाकीचे एकोणतीस तुकडे धाकट्याच्या मित्रांनी संपवले.

आपल्या नानकटाईचा तिसरा नंबर आला. झाडलोटवाल्या काकांनी तीन घेतल्या, त्यातल्या दोन खिशात घातल्या.

आणि मग पुस्तक. अकरावीतल्या एका मुलीनं चार दिवसांत एकतीस कागद टाइप केले. शेवटच्या रात्री आपला कागद तिच्यासमोर आला. तूप-साखर फेसा, मग एकदम मैदा. बाकी बहुतेक ठिकाणी फेसल्यानंतर अंडं होतं. तिला वाटलं, ही विसरली. रात्री अकराला तिनं थोरलीला मेसेज केला, थोरली झोपली होती, सकाळी छपाई. बिचारीनं दुसऱ्या कुठल्या तरी कुकीची कृती बघून '१ अंडं' असं भर घालून टाकलं. चांगल्या मनानं.

आता पुन्हा दाराशी. मी काही बोलायच्या आत थोरली जिन्यावरून खाली आली. माझ्या मनात काय होतं ते सांगते: धन्यवाद म्हणायचं, आम्ही अंधार पडल्यावर खात नाही एवढं सांगायचं (ते खरंच होतं), आणि दार लावायचं. तिनं मात्र सरळ सांगितलं. "आजी, आमच्या नानकटाईत अंडं नसतं. पुस्तकात चूक झाली आहे. आम्ही अंडं खात नाही म्हणून ही आम्हाला खाता येणार नाही. पण तुम्ही करून आणली, मला फार आवडलं."

आजींनी छातीवर हात ठेवला. त्यांना वाईट वाटलं, आणि मला त्याहून जास्त. ताटली त्यांच्याबरोबर परत गेली.

त्या रात्री मला झोप नाही. २२० प्रती छापल्या होत्या, त्यातल्या १३० सुट्टीआधी विकल्या गेल्या होत्या. १३० घरं. त्यांतल्या कुणी ना कुणी माझ्या आजीच्या नावानं वाटीच्या कडेवर अंडं फोडणार. जी बाई पत्रा फडक्यात गुंडाळून न्यायची तिच्या नावानं. स्वाध्यायात आपण शिकतो, कृत, कारित, अनुमोदना. केलेलं, करवलेलं, मान्य केलेलं. हे मी केलं नाही, मान्यही केलं नाही. पण करवलं का? त्या अंधारात मला हाच प्रश्न छळत राहिला. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या प्रमादाशी जोडलेली आहे, आणि प्रमाद कुणाचा होता ते मला नीट ठाऊक होतं. एक शब्द लिहायचा होता. तो मी लिहू दिला नाही, कारण लोक नाक मुरडतील.

स्वतःवरचा राग फार वेळ सोसत नाही, तो दुसरीकडं वळतोच. पहाटे उठून मी मुख्याध्यापिकांना लांबलचक ईमेल लिहिला. धर्म, भावना, बेजबाबदारपणा, सगळं त्यात होतं. पुस्तकं परत मागवा असंही होतं. पाठवायच्या आधी थोरलीला वाचून दाखवला.

"नको पाठवूस, आई," ती म्हणाली. "पुस्तक शाळेनं नाही काढलं, आम्ही काढलं. तू मॅडमना लिहिलंस तर पुढच्या वर्षीपासून मोठी माणसं सगळं तपासायला लागतील. मग ते आमचं नाही राहणार. मी बोलते."

मी तो ईमेल पाठवला नाही. पुसलाही नाही, दोन दिवस तसाच ठेवला होता. माझा तेवढा विश्वास नव्हता.

सुट्टीच्या आदल्या दिवशी ती त्या अकरावीच्या मुलीला भेटली. ती मुलगी रडली म्हणे. मग दोघींनी ठरवलं की उरलेल्या ९० प्रतींत त्या ओळीवर चिठ्ठी चिकटवायची, आणि ज्यांनी आधीच घेतली त्यांना विद्यार्थी मंडळाकडून निरोप जाईल, त्यांनी येऊन चिठ्ठी घेऊन जावी. चिठ्ठीवर काय लिहायचं यावरून आमच्या घरी वाद झाला. मला जैन म्हणजे कोण, अहिंसा म्हणजे काय, असं चार ओळींत हवं होतं. थोरली म्हणाली, चिठ्ठी बोटभर रुंदीची आहे. शेवटी तिनं इंग्रजीत एवढंच छापलं: 'यात अंडं नाही. कधीच नव्हतं.'

जानेवारीत शाळा सुरू झाल्यावर एका दुपारी सात-आठ मुलं कँटीनमध्ये बसून चिठ्ठ्या चिकटवत होती. जिंजरब्रेडवाली होती, डबा आणून देणारी होती. एक ज्यू मुलगा होता, त्याच्या घरी दूध आणि मांस यांची भांडीच वेगळी असतात. तो म्हणाला, आमच्याकडं असं झालं असतं तर माझ्या आजीनं शाळेत येऊन ठाण मांडलं असतं. मी त्यांना द्यायला नानकटाईचा डबा घेऊन गेले होते. दुपारचे तीन वाजले होते, म्हणून थोरलीनंही खाल्ली.

आधी घेतलेल्या १३० जणांपैकी सत्तरएक लोक येऊन चिठ्ठी घेऊन गेले. बाकीच्यांचं काय, ते मला कळायचा मार्ग नाही. क्षमावाणीला मी ते मनात धरलं होतं, एवढंच.

शेजारच्या आजींना मी दुसऱ्याच दिवशी दुपारी दोनला बोलावलं होतं. आम्ही दोघींनी मिळून तूप फेसलं. त्यांचे आईवडील इटलीहून आलेले. त्यांनी बरोबर स्वतःच्या चर्चचं जुनं पुस्तक आणलं होतं, पानं पिवळी, कोपरे तेलकट. त्यात त्यांच्या आईच्या पावाच्या कृतीत एक लहान चमचा मिठाच्या जागी एक मोठा चमचा छापलं गेलं होतं. आईनं ते पेन्सिलीनं खोडून बाजूला दुरुस्त केलं होतं, आणि जिच्या-जिच्या घरी जाई तिच्या पुस्तकात पर्समधली पेन्सिल काढून तेच करी. "बावीस वर्षं," आजी म्हणाल्या. "लोक तिला बघून पुस्तक लपवायचे." आमची नानकटाई त्या दिवशी मात्र खुसखुशीत झाली. त्यांनी आदल्या दिवशीची कॉफीबरोबर संपवली होती, तेही सांगून टाकलं.

एक प्रत मी सांगलीला आईकडं पाठवली. आईला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून थोरलीनं पानाच्या मोकळ्या जागेत सगळी कृती मराठीत लिहून काढली. रविवारच्या मराठी शाळेतलं तिचं अक्षर, वेलांट्या इकडंतिकडं, पण लागतं. वर पणजीचं नाव, खाली स्वतःचं. चिठ्ठीही नीट चिकटवलेली.

पार्सल पोचल्यावर आईचा फोन आला. पुस्तक देवघराच्या कपाटात ठेवलंय, आल्यागेल्याला दाखवतेय, नातीचं नाव छापून आलंय म्हणून. मी तिला सगळी हकिगत सांगितली. अंडं, चिठ्ठ्या, शेजारच्या आजी, सगळं. ती नुसती ऐकत होती. मधेच पान उलटल्याचा आवाज आला.

"ते झालं गं," आई म्हणाली. "पण जायफळ कुठं लिहिलंय?"